वजनाची वही

काटा मोती चौकातल्या पेढ्यांच्या दुकानातून मागून आणलाय.
पारड्याला अजून खव्याचा वास आहे.
त्यात मी बोल्ट मोजतो: चाळीस बोल्ट, दोनशे सहा ग्रॅम.
वहीत लिहितो. मग नटाबाहेर डोकावणारं एकेक टोक
कानशीने घासतो, पुन्हा मोजतो. एकशे नव्वद.
तस्लीम मणेर हसते. "काका, सोळा ग्रॅम म्हणजे
धड एक पेढाही नाही."
खरंय. पण एकेक पेढा करतच माणूस जड होतो.

बावीस वर्षं चाळकेवाडीच्या पठारावर
दोरीला लटकून मी पवनचक्क्यांची पाती सांधली.
राळ, काचेचं कापड, पॉलिश पेपर,
आणि खाली बघायचं नाही.
वारा यायचा, पातं त्याला अंग द्यायचं,
वीज तारेतून कुठल्या कुठे निघून जायची.
एका दुपारी वारा पडला. सगळं पठार
उभंच्या उभं गप्प.
तेव्हा वाटलं, हेच उलटं केलं तर?
वीज द्यायची, वारा घ्यायचा.
एवढंच होतं डोक्यात. वजन सगळं नंतर आलं.

कोडोलीच्या शेडमध्ये आता ते उभं आहे:
अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, नऊ किलो चारशे.
खुर्ची नाही, बाजेची निवार ताणलीय.
शेपटीला छोटा पंखा, कारण मोठा एकीकडे फिरला
की बाकीचं अंग रुसल्यागत दुसरीकडे फिरतं.
मोटार तस्लीमने भरली,
बापाच्या दुकानात बसून, तांब्याचा वेढा न वेढा मोजत.
आणि बॅटरी. छत्तीस किलो.
पेट्रोलची टाकी जाता जाता हलकी होते,
ही संपली तरी तेवढीच.
गेलेल्या माणसासारखी. खांदे तेवढेच लागतात.

सहा महिने मी फक्त काढत होतो.
काच काढली. दार तर नव्हतंच.
नळ्यांना भोकं पाडली, रंग खरवडला.
नाव घालायचं होतं पुढे, तेही राहू दिलं,
नावाचे तीस ग्रॅम.

मग एका रात्री गणित मांडलं:
वर असताना वीज गेली तर?
तर खालून वारा येतो आणि पाती त्याच्यावर फिरत राहतात,
म्हणजे पडता पडता
यंत्राची पवनचक्की होते.
मी कितीतरी वेळ पेन्सिल नुसती धरून बसलो.
पण हलकी पाती दम धरत नाहीत.
माणूस टेकेपर्यंत फिरायचं तर टोकाला भार हवा.
सकाळी भंगारातून शिसं आणलं, कांड्या ओतल्या,
दोन टोकांत बसवून राळेने बंद केल्या.
सोळा ग्रॅमसाठी कानस चालवणारा मी
चौदाशे ग्रॅम पैसे देऊन घेऊन आलो.
तस्लीम या वेळी हसली नाही.

शेवटच्या पानावर बेरीज.
माणसाच्या वाट्याला उरले अठ्ठेचाळीस किलो.
मी पेढ्यांच्या काट्यात मावत नाही.
बाजार समितीत पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो: एक्क्याऐंशी.
चपला काढून ऐंशी आठशे.
मांडीत एक रॉड आहे, पठारावरून पडलो तेव्हाचा.
डॉक्टर म्हणतात, आता काढू नका.

तस्लीम चव्वेचाळीस. हेल्मेटसकट पंचेचाळीस दोनशे.
मी काही बोललो नाही, तिनेही विचारलं नाही.
आकडा तिनेच लिहिला, माझ्या पेन्सिलीने.

रविवारी पहाटे, वारा उठायच्या आत.
चार दोऱ्या. तीन खुंट्यांना, एक माझ्या हातात.
पवनचक्कीचा वॉचमन सोपान झोरे घड्याळ घेऊन उकिडवा.
गवत आधी चहूबाजूंनी झोपलं.
मग यंत्राच्या पायांखाली उजेड दिसला,
एक वीत.
झोऱ्याने मोठ्याने मोजलं, अकरापर्यंत.
दोरीने माझी मूठ वर ओढली, जराशी,
पावशेर असेल.

ती उतरली. हेल्मेट काढलं,
कपाळाला चिकटलेले केस मागे सारले.
"काका, शेपटीकडे जड लागतंय."
मी पिशवीत
कानस शोधायला लागलो.